वनविहाराची अभिरुचि

वनविहार कसा करावा हें शिकविण्याचा मक्ता हल्लीं ज्यांनीं घेतला आहे, त्यांच्या मतें आमच्या लोकांस अरण्याची खरी आवडच नाहीं. ते जातात, कलकलाट करितात, डबे उघडतात आणि परततात. यावर त्यांचा तोडगा काय, तर फाटक, तिकीट, जीपगाडी, वाटाड्या आणि जमल्यास वाघ! ताडोब्यास हा थाट शोभतो. १९५५ पासून राष्ट्रीय उद्यान असलेल्या त्या रानांत लोक वाघासाठींच येतात, आणि तेथें त्यांस पायीं हिंडूं द्यावें असें आम्हीही म्हणणार नाहीं. परंतु ताडोबा म्हणजे सगळें अरण्य नव्हे.

मुंबईस बोरीवलीचें रान पाहावें. १०० चौरस किलोमीटरांहून थोडेंसें अधिक असलेल्या या रानांत पहांटे फिरावयास येणाऱ्यास बिबळ्या दिसावा अशी इच्छा तर नसतेच, उलट तो आज न भेटो अशीच त्याची प्रार्थना असते! त्याला हवी असते सावली, पायांखालीं माती आणि मोटारींच्या भोंग्यांपासून तासाभराची सुटका. दोन खोल्यांत सहा माणसें राहतात त्या घरास याहून स्वस्त औषध आम्हांस तरी ठाऊक नाहीं.

भीमाशंकरची गोष्ट आणखी निराळी. तेथें माणूस ज्योतिर्लिंगाच्या दर्शनास जातो; १९८५ सालीं झालेलें अभयारण्य त्याच्या वाटेवर लागतें, आणि शेकरूं दिसलें तर तो त्यास देवाचाच प्रसाद मानतो. अशा माणसास अरसिक म्हणणाऱ्यांनीं सह्याद्रींतील देवराया कोणीं राखल्या याचें उत्तर आधीं द्यावें.

परदेशाचा दाखला पुढें येईलच. पण तेथें तरी अभिरुचि एक कोठें आहे? नॉर्वेमध्यें जमिनीचा मालक कोणीही असो, रानांतून पायीं हिंडण्याचा सर्वांचा जुना हक्क १९५७ च्या कायद्यानें लेखी झाला. तेथील माणूस रानफळें वेंचीत स्वच्छंद भटकतो. जपानांत, जेथें शहरांची दाटी मोठी, तेथें १९८२ सालीं सरकारी वनखात्यानेंच ‘वनस्नान’ हा शब्द चालविला. स्वस्थ चालावें, बसावें, श्वास घ्यावा, एवढेंच. दोघांपैकीं कोणीही दुसऱ्यास अडाणी म्हणत नाहीं.

घरापासून रान किती दूर, घरीं दाटी किती, रानांत श्वापद कोणतें, यांवरून आवड ठरते. हें न पाहतां ताडोब्याचें फाटक बोरीवलीस आणलें, तर बाहेर राहील तो कारकुनाचें कुटुंब घेऊन येणारा. जीपगाडींतून येणाऱ्याची कांहींच अडचण होणार नाहीं. आणि बोरीवलीच्या पाड्यांवरील वारल्यांस तर कोणी विचारीतच नाहीं. ज्याला आम्ही विहार म्हणतों, तें त्यांचें अंगण आहे.