अक्षरी बाट आणि अक्षरी रुपये

एक्सेलच्या फंक्शनांच्या यादीत 'बाटटेक्स्ट' दिसलं की बहुतेक जण "हे काय आता?" म्हणून पुढे सरकतात. जरा थांबा. एका सेलमध्ये १२१.२५ टाका आणि शेजारी हे फंक्शन लावा. थाई लिपीत उत्तर येतं : नुंग रॉय यी सिप एत बाट, यी सिप हा सतांग. म्हणजे एकशे एकवीस बाट, पंचवीस सतांग. मॅक्रो नाही, अ‍ॅड-इन नाही. लॅपटॉप पुण्यात असो की बँकॉकमध्ये, उत्तर थाईतच.

यात काय मोठंसं? गंमत तपशिलात आहे. थाईत एकला 'नुंग' म्हणतात, पण अकरा-एकवीसमध्ये त्याचा 'एत' होतो. दोनला 'सॉंग', पण वीसमध्ये 'यी'. फंक्शन हे सगळं सांभाळतं. लाखालाही त्यांच्याकडे 'सॅन' असा स्वतंत्र शब्द आहे, तोही बरोबर येतो. वर सुटे सतांग नसतील तर शेवटी 'थुअन' लागतं, म्हणजे 'पूर्ण'. आपल्या बिलावरचं 'फक्त'च की! मागे कोणी काही जोडू नये म्हणून घातलेली कडी.

आणि आपण? मायक्रोसॉफ्टच्या मदतीच्या पानावर 'स्पेलनंबर' नावाचा मॅक्रो मिळतो, तो डॉलर-सेंटमध्ये बोलतो. डॉलरच्या जागी रुपीज घालून भागवावं, तर पाच लाखांचे होतात 'फाइव्ह हंड्रेड थाउजंड'. त्यात २०२२ पासून इंटरनेटवरून आलेल्या फायलींतले मॅक्रो ऑफिस आपणहून अडवतं. ते योग्यच आहे म्हणा.

"मराठीत नव्याण्णवपर्यंत प्रत्येक आकड्याचा शब्द वेगळा, नियमात बसवणार कसं?" असं कोणी म्हणेल. पटत नाही. नव्याण्णव शब्दांचं टेबल, त्यावर शे, हजार, लाख, कोटी. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाचा पोरगाही लिहील. अडलंय ते मागणीपाशी.

आणि हा नुसता हौसेचा मामला नाही. चेकला लागू असलेल्या १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याचं कलम १८ सांगतं, की आकडी आणि अक्षरी रकमेत फरक पडला तर अक्षरी रक्कम धरायची. म्हणजे कायदा ज्या ओळीला खरी मानतो, तीच ओळ आपण हाताने टाइप करतो, नाहीतर कुठूनतरी उचललेल्या मॅक्रोच्या भरवशावर सोडतो.

थाई अकाउंटंटला जे एका फंक्शनात मिळतं, ते आपल्यालाही मिळावं, आणि मराठीत मिळावं. मागायला काय जातंय?