टोपलीतील पिल्ले आणि तापलेली वाळू

दरवर्षी उन्हाळा जवळ आला की वृत्तपत्रांतून एक ठरावीक बातमी येते. मोरजी, मांद्रे, आगोंद वा गालजीबाग येथे कासवांची इतकी पिल्ले समुद्रात सोडण्यात आली, गतवर्षापेक्षा आकडा वाढला, इत्यादी. सोबत टोपली, पिल्ले आणि मान्यवर यांचे छायाचित्र. आम्ही उभे आयुष्य सरकारी तक्ते भरण्यात घालविले. चढत्या आकड्याने मिळणारे समाधान आमच्या परिचयाचे आहे. म्हणूनच त्याविषयी आमची तक्रार आहे.

या ऑलिव्ह रिडले कासवाचे नर-मादीपण गुणसूत्रे ठरवीत नाहीत, वाळूची ऊब ठरविते. उबवणीच्या मधल्या काळात वाळू २९ अंशांच्या आसपास असेल तर दोन्ही निपजतात. दोन-तीन अंश चढली की जवळजवळ साऱ्या माद्याच. त्याहूनही तापली तर अंडी आतच मरतात, आणि निघालेली पिल्ले लहान व पोहण्यात दुबळी असतात. ऑस्ट्रेलियातील ग्रेट बॅरिअर रीफच्या उत्तर भागातील हिरव्या कासवांविषयीचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. तेथील उष्ण किनाऱ्यांवर जन्मलेल्या, अद्याप वयात न आलेल्या कासवांत ९९ टक्क्यांहून अधिक माद्या आढळल्या!

एक नर अनेक माद्यांना पुरतो, हे आम्हांस मान्य आहे. पण नरच निपजले नाहीत तर अंडी फळणार कशी? आणि पिल्लू नर की मादी हे वरून पाहून कळत नाही, त्यामुळे टोपलीचा आकडा याविषयी अक्षरही सांगत नाही. ही पिल्ले वयात येण्यास दहा-पंधरा वर्षे लागतात. चूक उमगेल तेव्हा आजचे अधिकारी आमच्यासारखेच निवृत्त झालेले असतील.

‘कासव कोट्यवधी वर्षे टिकले, हेही सोसेल’ असे म्हणणारे विद्वान भेटतात. त्या काळी हवामान पालटावयास सहस्रावधी वर्षे लागत, आणि मागे सरकावयास किनारा मोकळा असे. आज वाळूच्या टेकड्यांवरील मर्यादवेल उपटून तेथे शॅक व खाटा मांडल्या आहेत. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने कासवास माणसाच्या हातापासून संरक्षण दिले. उन्हापासून ते कोणी द्यावे?

आमची मागणी फार खर्चाची नाही. प्रत्येक घरट्याशेजारी अंड्यांच्या खोलीवर तापमापक पुरावा, कुंपणातील घरट्यांवर दुपारी झावळ्यांची सावली धरावी, वेलींच्या टेकड्या मोकळ्या ठेवाव्यात. आणि खात्याच्या तक्त्यात पिल्लांच्या संख्येशेजारी वाळूच्या तापमानाचा एक रकाना वाढवावा. तक्त्यात रकाना वाढविण्यास किती वेळ लागतो, हे आम्ही अनुभवाने सांगू शकतो: एक दुपार.