जखमी जनावरावर उपचार झाले नाहीत, तर पाठपुरावा कोणी करायचा?

जालना–अंबड रस्त्यावर रात्री वाहनाची धडक बसून बैल पडला, तर पहिला फोन कुठे करायचा हे आता बऱ्याच लोकांना माहीत आहे. 1962 हा पशुसंवर्धन विभागाच्या फिरत्या पशुचिकित्सा पथकाचा टोल फ्री क्रमांक आहे. प्रश्न त्यानंतर सुरू होतो. पथक दुसऱ्या गावी गेलेलं असेल, किंवा दवाखान्यात ‘आधी मालकाला आणा’ असं सांगितलं गेलं, तर दुसऱ्या दिवशी त्या बैलाची चौकशी कोण करणार?

मालक सापडला, तर कागदावर उत्तर सोपं आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या कायद्यातील कलम 3 नुसार, ज्याच्या ताब्यात जनावर आहे त्याच्यावर त्याच्या काळजीची जबाबदारी असते. आजारी किंवा अपंग जनावराला सबळ कारणाशिवाय रस्त्यावर मरू देणं हा कलम 11 खाली मालकाचा गुन्हा आहे. पण पहिल्या गुन्ह्याला दंड 10 ते 50 रुपये. जनावर दवाखान्यात नेणाऱ्या टेम्पोचं भाडं याच्या कितीतरी पट असतं! शिवाय हा गुन्हा अदखलपात्र आहे आणि खटला 3 महिन्यांच्या आत दाखल करावा लागतो. पाठपुरावा रेंगाळला की प्रकरण तिथेच संपतं.

मग दवाखान्याचं काय? इथे ‘नकार’ म्हणजे नेमकं काय, हे पाहावं लागतं. श्रेणी-1 च्या दवाखान्यात पशुधन विकास अधिकारी, म्हणजे पदवीधर डॉक्टर असतात. श्रेणी-2 मध्ये बहुधा पशुधन पर्यवेक्षक असतात आणि 1984 च्या पशुवैद्यक परिषद कायद्यामुळे त्यांना डॉक्टरांच्या देखरेखीखाली किरकोळ उपचारच करता येतात. मोडलेल्या पायाची शस्त्रक्रिया ते करू शकत नाहीत. ते जनावर ‘तालुक्याला न्या’ म्हणतात, ते नियमाला धरूनच. पण तीन-चार क्विंटलचा बैल मंठ्याच्या किंवा जाफराबादच्या एखाद्या खेड्यातून उचलून नेणार कोण, हे त्या नियमात नाही. परत पाठवलेल्या जनावराचं पुढे काय झालं, याची नोंद ठेवण्याची सक्ती 1960 च्या कायद्यातही नाही.

मोकाट जनावरासाठी तरतूद आहे. 2001 च्या केंद्रीय नियमांनुसार प्रत्येक जिल्ह्यात प्राणी क्लेश प्रतिबंधक संस्था हवी, तिला दवाखाना आणि निवाऱ्यासाठी राज्य सरकारने जागा द्यावी आणि तिथे पूर्णवेळ पशुवैद्यक असावा. पाठपुराव्याची खरी जागा हीच. एखाद्या हौशी तरुणाच्या मोबाइलवर ती जबाबदारी ढकलणं ही सोय झाली, व्यवस्था नव्हे. कलम 35 खाली दंडाधिकारी जनावराला उपचारगृहात ठेवण्याचा आदेश देऊ शकतात आणि खर्च मालकाकडून जमीन महसुलाच्या थकबाकीसारखा वसूल करता येतो. ही तरतूद क्वचितच कुणाला आठवते.

हरीण, नीलगाय असेल तर मात्र मालक कोण हा वादच नाही. वन्यप्राणी शासनाची मालमत्ता, त्यामुळे जबाबदारी वन विभागाची. त्यांचा क्रमांक 1926.

नागरिकाच्या हातात उरतं ते लेखी अर्ज करणं. फोनची वेळ, जनावराचा फोटो, कानातला बिल्ला असल्यास त्याचा क्रमांक आणि दवाखान्यात काय सांगितलं, एवढं त्यात हवं. दवाखाना राज्य शासनाचा की जिल्हा परिषदेचा, हे आधी विचारून घ्यावं, म्हणजे अर्ज योग्य कार्यालयात जाईल. पोच घ्यायला विसरू नये.