शाल दिली, शेजार कोण देणार?

गेल्या उत्सवात आमच्या मंडपात एका नव्या वकिलास शाल-श्रीफळ अर्पण झाले. उद्या तो कोणाच्या चेंबरात बसणार, हे मात्र कोणीच विचारले नाही; व्यासपीठावरील आम्हां वकिलांनीही नाही!

उलटतपासणीत कोणता प्रश्न विचारू नये, हे कोणते पाठ्यपुस्तक शिकविते? १९७३ च्या दुरुस्तीने सनदेपूर्वीची सक्तीची उमेदवारी गेली. २०१० मध्ये परीक्षेचा नियम आला. परीक्षा स्मरणशक्ती तपासील, गुरूची जागा कशी घेईल? ज्यांना ज्येष्ठ लाभतो, त्यांनी तारखा मागाव्यात, दप्तरे वाहावीत आणि तेही बहुधा विनावेतन. बार कौन्सिलने २०२४ साली शहरांत मासिक वीस हजार व ग्रामीण भागात पंधरा हजार रुपये सुचविले. पण ती शिफारसच. "आम्हीही असेच सोसले", हा युक्तिवाद मी तरी न्यायासनापुढे मांडण्यास धजणार नाही.

गोव्यातील देवस्थानांचा कायदा १९३३ चा, मूळ पोर्तुगीज भाषेतला. जाणत्यांनी तरुणास शेजारी बसवून तो उलगडला नाही, तर महाजनांचे दावे पुढे कोण चालविणार? येत्या उत्सवात माझ्यासह प्रत्येक ज्येष्ठ वकिलाने आपल्या उमेदवाराचे नाव व विद्यावेतनाचा आकडा मंडपात जाहीर करावा. शाल त्यानंतर.