गाठोड्याचे वजन

हिंगोलीहून दीक्षाभूमीला, चैत्यभूमीला किंवा पोटासाठी मुंबई-पुण्याला निघताना आपल्या माणसांजवळ सामान फार असते. पीठ, अंथरूण, भांडी. आणि दादरहून परतताना पुस्तकांची पिशवी. फलाटावर कोणी दरडावले की आपण मान खाली घालून वीस-पन्नास रुपये हातावर ठेवतो, पावती मागत नाही. कारण नियम ठाऊक नसतो.

नियम असा : दुसऱ्या वर्गाच्या तिकिटावर ३५ किलो, स्लीपरच्या तिकिटावर ४० किलो सामान मोफत नेता येते. पाच ते बारा वर्षांच्या मुलाला त्याच्या निम्मे. जास्त असेल तर गाडी सुटण्याआधी लगेज ऑफिसात वजन करून नोंदवावे; जादा वजनाला लगेज दराच्या दीडपट आकार पडतो. न नोंदवता सापडले तर सहापटीपर्यंत.

नांदेड-मुंबई वंदे भारत ऑगस्ट २०२५ पासून धावते. ती हिंगोलीला येत नाही. परभणीला जाऊन धरावी लागते. तिच्या खुर्चीच्या डब्यात ४० किलोची मुभा आहे, पण पेटी ५५ बाय ४५ बाय २२.५ सेंटिमीटरहून मोठी चालत नाही. सामानाचा वेगळा डबाही तिला नाही. मोठी ट्रंक असेल तर आपली नेहमीची गाडीच बरी.

तेव्हा निघण्याआधी किराणा दुकानाच्या काट्यावर गाठोडे तोलून घ्या. पैसे भरावे लागले तर पावती घ्या. बाबासाहेबांनी आपल्याला शिकायला सांगितले, ते अशा वेळीही कामी यावे. आणि जड होतात म्हणून पुस्तके मात्र मागे ठेवू नका.