जंतूंच्या उत्तरपत्रिका

दोन उत्तरपत्रिकांत एकच चूक आढळली, तर तो योगायोग असें परीक्षक एक वेळ मानील. परंतु त्याच सात चुका त्याच ठिकाणीं आढळल्यास त्यास साक्षीदाराची जरुरी उरत नाहीं. रुग्णालयांत जडणाऱ्या रोगांचा माग सांप्रत याच रीतीनें काढतात. प्रत्येक जंतूच्या ठायीं त्याच्या अनुवंशाचा लेख असतो, त्यास जीनोम म्हणतात. क्लेब्सिएला नामक जंतूच्या लेखांत पन्नास लाखांहून अधिक अक्षरें असतात. एकापासून दुसरा होतांना क्वचित् एखादें अक्षर चुकतें, व ती चूक वंशजांस मिळते. दोन रोग्यांच्या जंतूंतील चुका जुळल्या, म्हणजे बाधेचें मूळ एक असावें.

अमेरिकेंतील बेथेस्डा येथील सरकारी संशोधन-रुग्णालयांत २०११ सालीं जून महिन्यांत औषधांस न जुमानणारे हे जंतु असलेला एक रोगी आला. त्यास निराळें ठेविलें होतें, आणि जुलैंत तो घरींही गेला. तीन आठवड्यांनीं दुसऱ्या रोग्याच्या अंगीं तसेच जंतु सांपडले. पुढें एकूण १८ जणांस ते जडले, व निदान ६ जण त्या बाधेनेंच दगावले. मध्यें इतके दिवस गेलेले, तेव्हां संबंध नसावा असें कोणासही वाटलें असतें. परंतु जीनोम ताडून पाहतां सर्वांचें मूळ तो पहिलाच रोगी निघाला! धुऊन पुसून ठेवलेल्या एका श्वसनयंत्रावर आणि मोऱ्यांच्या नळ्यांतही ते जंतु होते.

ही केवळ परदेशची कथा नव्हे. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयांतील डॉक्टरांनीं २०१० सालीं प्रसिद्ध केलें कीं, कार्बापेनेम या प्रबळ औषधांस दाद न देणाऱ्या २४ जंतुनमुन्यांपैकीं २२ नमुन्यांत एन.डी.एम.-१ हें जनुक आहे. हे जंतु एका जातीचे नव्हते. हें जनुक बहुधा एका लहानशा सुट्या कड्यावर असतें, आणि वर्गांत बांकामागून बांक चिठ्ठी सरकावी तसें तें कडें एका जातीच्या जंतूकडून दुसऱ्या जातीकडे जातें. जनुकाच्या नांवांत नवी दिल्ली आल्यामुळें त्या वर्षीं आपल्याकडे मोठा गहजब झाला. तो राग आम्हांस समजतो. तथापि मुंबईच्या डॉक्टरांनीं आपल्याच घरची गोष्ट उघड सांगितली, तींत आम्हांस देशाभिमान अधिक दिसतो.

२०२० च्या डिसेंबरांत सरकारनें करोना-विषाणूचे जीनोम वाचण्यासाठीं प्रयोगशाळांचा संघ उभारला. पुण्याची राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था त्यांत होती. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ तर १९९८ पासून आमच्या नाशकांतच आहे. मग येथील लहानमोठ्या इस्पितळांतील जंतूंचे लेखही एकत्र ताडून कां पाहूं नयेत? खर्चाची अडचण खरी आहे. अब्रूची अडचण मात्र आम्ही मानीत नाहीं. जेथें शोधच घेतला नाहीं, तेथें कांहीं सांपडलें नाहीं याला काय किंमत? निकालावरून कोणास दोषी ठरवूं नये, एवढी हमी प्रथम द्यावी, म्हणजे नमुने आपोआप येतील.

पालकांसही आमची एक विनंति आहे. आजाऱ्यास भेटावयास जातांना हात धुवावे, त्याच्या खाटेवर बसूं नये, आणि मुलांस उगाच बरोबर नेऊं नये. डॉक्टरांस वा परिचारिकेस "आपण हात धुतले ना?" असें विचारणें आपल्याकडे उद्धटपणाचें समजतात. आमच्या मतें तें नम्रपणें अवश्य विचारावें. आणि आमच्या विद्यार्थ्यांपैकीं जे उद्यां डॉक्टर वा परिचारिका होतील, त्यांनीं तो प्रश्न ऐकून रागावूं नये.