पोट साफ होण्याची घाई

इंदूरच्या एका भगिनींचे पत्र समोर आहे. घरातील लग्नासाठी सारे कुटुंब पुण्यास गेले होते. प्रवास, जागरणे, अवेळी जेवणे आणि परक्या घरचा संकोच यांमुळे ७२ वर्षांच्या सासूबाईंना चार दिवस शौचास झाले नाही. कोणीतरी लॅक्टुलोजची बाटली आणून दिली. सासूबाईंनी रात्री दोन मोठे चमचे घेतले. सकाळपर्यंत काहीच झाले नाही म्हणून पुन्हा दोन, दुपारी दोन आणि रात्री आणखी दोन. तिसऱ्या दिवशी पहाटेपासून जुलाब सुरू झाले. रक्तदाबासाठी लघवीची गोळी रोजची होती, तीही नेमाने घेतली गेली. दुपारी न्हाणीघरात भोवळ येऊन त्या पडल्या. सुदैवाने हाड मोडले नाही. सलाइन लावल्यावर दोन दिवसांत बऱ्या झाल्या. या भगिनी विचारतात, "औषध वाईट होते, की आमचे काही चुकले?"

औषध वाईट नव्हते. जे औषध सावकाश काम करते, त्याच्यामागे घाई लावली गेली, एवढेच चुकले. अशी चूक अनेक घरांत होते, म्हणून या विषयाचा थोडा विस्ताराने विचार करू.

रोज सकाळी पोट साफ झालेच पाहिजे, असा आपल्या घरांतून एक दंडकच असतो. वस्तुतः दिवसातून तीन वेळांपासून आठवड्यातून तीन वेळांपर्यंत शौचास होणे हे निरोगी माणसात आढळते. आठवड्यातून तीनपेक्षा कमी वेळा होणे, मळ खडा होणे, कुंथावे लागणे, झाल्यावरही पोट मोकळे न वाटणे, ही मलावरोधाची लक्षणे होत. एखादा दिवस चुकला म्हणून लगेच बाटलीकडे हात नेण्याचे कारण नाही.

आता हे औषध काम कसे करते ते पाहा. लोणच्यासाठी कैरीच्या फोडींना मीठ चोळून ठेवले की थोड्याच वेळात त्यांना पाणी सुटते. जिकडे क्षार वा साखर अधिक, तिकडे पाणी ओढले जाते. या क्रियेला परासरण म्हणतात. या जातीची सारक औषधे आतड्यातून रक्तात फारशी शोषली जात नाहीत. ती आतड्यातच राहतात, तेथे पाणी धरून ठेवतात आणि मळ मऊ करतात. मात्र हे पाणी शेवटी आपल्याच शरीरातले असते, हे विसरू नये. मात्रा योग्य असली तर त्याचा उपयोग होतो. ती वाढली की जुलाब होऊन अंगातले पाणी व क्षार निघून जातात. म्हणून असे औषध घेताना दिवसभर पुरेसे पाणी प्यावे. ज्यांना हृदयाच्या वा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाणी मोजून पिण्यास सांगितले आहे, त्यांनी मात्र हे औषध स्वतःच्या मनाने घेऊच नये.

या जातीची तीन औषधे आपल्याकडे सहज मिळतात आणि प्रत्येकाचा वेग निराळा आहे. पहिले लॅक्टुलोज. हे गोड, दाट सरबतासारखे असते. ही साखर लहान आतड्यात पचत नाही. मोठ्या आतड्यातील जंतू तिचे विघटन करतात आणि मग पाणी ओढले जाते. त्यामुळे गुण येण्यास २४ ते ४८ तास लागतात. आरंभी पोटात वायू धरतो व गुरगुरते. प्रौढांस सामान्यतः दिवसातून एकदा १५ ते ३० मिलिलिटर पुरते. दुसरे पॉलिएथिलीन ग्लायकॉलची पूड. प्रौढांसाठी १७ ग्रॅम पूड पेलाभर पाण्यात पूर्ण विरघळवून दिवसातून एकदा घेतात; परिणाम एक ते तीन दिवसांत होतो. तिसरे दुधासारखे पांढरे मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड, म्हणजे मिल्क ऑफ मॅग्नेशिया. हे लवकर, अर्ध्या तासापासून सहा तासांत काम करते. आपल्याकडील पुष्कळ बाटल्यांत त्याच्याबरोबर लिक्विड पॅराफिनही मिसळलेले असते. ते घेऊन वृद्धांनी लगेच आडवे होऊ नये. तेलकट द्रव चुकून श्वासमार्गात गेल्यास फुफ्फुसांना अपाय होतो.

सासूबाईंनी पहिली मात्रा घेतली तेव्हा औषध अजून मोठ्या आतड्याच्या वाटेवर होते. त्याला गुण नाही असे समजून त्यांनी आणखी तीन मात्रा मागोमाग धाडल्या आणि सर्वांचा परिणाम एकदम झाला. त्यात लघवीच्या गोळीने अंगातले उरलेसुरले पाणीही कमी केले. असे जुलाब लागले तर सारक औषध ताबडतोब थांबवावे, जलसंजीवनी घोट घोट द्यावी आणि त्या दिवशी लघवीची गोळी द्यावी की नाही, हे डॉक्टरांना विचारावे.

औषध घेण्यापूर्वी काही प्रश्न घरातच विचारावेत. मूत्रपिंडाचा विकार आहे काय? असल्यास मॅग्नेशियमयुक्त औषध घेऊ नये. ते रक्तात साठून हृदयाला व श्वासाला धोका होतो. सोडियम फॉस्फेटची औषधेही अशांनी टाळावीत. त्यांची एका दिवसात एकाहून अधिक मात्रा घेऊ नये, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१४ साली सर्वांनाच दिला होता. लघवीची गोळी किंवा हृदयासाठी डिगॉक्सिन चालू आहे काय? मधुमेह आहे काय? घेणारे बालक किंवा गरोदर स्त्री आहे काय? यांपैकी कोणत्याही प्रश्नाचे उत्तर "होय" असेल, तर आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. मॅग्नेशियम काही प्रतिजैविकांना, लोहाच्या व थायरॉइडच्या गोळ्यांना शोषू देत नाही; म्हणून त्यांच्या वेळांत किती तासांचे अंतर ठेवायचे, तेही विचारून घ्यावे. लॅक्टुलोज यकृताच्या काही रुग्णांना निराळ्या कारणासाठी, दिवसातून तीन-चार वेळा देतात. शेजारच्या घरातील ती चिठ्ठी पाहून आपली मात्रा ठरवू नये.

पोटात तीव्र वेदना, उलट्या, ताप, पोट फुगून वाराही न सरणे, यांपैकी काही असेल तर कोणतेही सारक देऊ नये. अपेंडिक्सला सूज असताना किंवा आतडे अडले असताना दिलेले सारक जिवावर बेतू शकते. मळातून रक्त जाणे, कारणावाचून वजन घटणे, पन्नाशीच्या आसपास किंवा पुढे शौचाची सवय एकाएकी बदलणे, ही लक्षणेही अंगावर काढण्याची नव्हेत. आपल्या मनाने हे औषध फार तर आठवडाभर घ्यावे. तेवढ्यात गुण न आल्यास डॉक्टरांकडे जावे.

आजीच्या काळचे एरंडेल आणि सोनामुखी या जातीची नव्हेत. ती आतड्याला डिवचून हलवतात. इसबगोल हेही निराळे. ते पाणी शोषून फुगते आणि मळाला भर देते. ते भरपूर पाण्याबरोबरच घ्यावे, नाहीतर घशात वा आतड्यात अडकते. पहिल्याचा गुण आला नाही म्हणून त्यावर दुसरे घेणे, ही घाईचीच दुसरी तऱ्हा.

प्रवासातील मलावरोध बहुधा घरी परतून दिनक्रम बसला की आपोआप सुटतो. भाकरी, पालेभाजी, पेरू, पपई, भिजवलेल्या मनुका, पुरेसे पाणी आणि थोडे चालणे यांचा उपयोग मोठा आहे. न्याहारीनंतर आतड्याची हालचाल वाढते. त्या वेळी दहा मिनिटे निवांत बसावे आणि वेग आल्यास तो दाबू नये. गुडघ्यांमुळे उंच बैठक वापरणाऱ्यांनी पायांखाली लहान चौरंग ठेवावा. लोहाच्या, कॅल्शियमच्या वा वेदनाशामक गोळ्यांनीही मलावरोध होतो. तसे असल्यास त्या बंद न करता डॉक्टरांच्या कानावर घालावे.

शेवटी या भगिनींना आणि सर्व वाचकांना एक विनंती. बाटलीवरील मजकूर बहुधा इंग्रजीत असतो. आपल्या घरातील वडील मंडळींना तो वाचता येत नाही आणि विचारण्याचा संकोच वाटतो. म्हणून बाटली घरात येताच तिच्यावर मराठीत एक चिठ्ठी चिकटवा: औषधाचे नाव, बाटलीच्या मापाने किती मिलिलिटर, दिवसातून किती वेळा, आणि "गुण येण्यास दोन दिवस लागतात, तोवर पुन्हा घेऊ नये." ज्या दिवशी आरंभ केला ती तारीखही लिहा. पुण्यातल्या त्या बाटलीवर एवढी एक ओळ असती, तर सासूबाईंनी निश्चिंतपणे वाट पाहिली असती.